सगळीकडे चालणारं वाद्य

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा, सुरू होती. त्या दिवसांत आमच्या गावात घरोघरी पाहुणे असतात आणि रस्त्यावर पांढरी बाराबंदी घातलेली माणसं. ताईच्या घरी, जुळे सोलापुरात, आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. शेंगापोळीवर तूप वाढून झालं आणि विषय निघाला भाच्याच्या क्लासचा. सहावीत आहे, शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो, म्हणून त्याला एखादं वाद्य शिकवायचं इतकं नक्की झालं होतं. कुठलं, ते ठरायचं होतं. दाजींची अट एकच. "सगळीकडे चालेल असं पाहिजे. भजनात पण, गॅदरिंगला पण, उद्या ऑर्केस्ट्रात गेला तर तिथं पण." ताटं वाळली तरी कोणी उठेना. दाजी कॅसिओच्या बाजूचे. आईचं म्हणणं, पेटी. ताईला तबला हवा होता, कारण गाणारा कोणीही असो, तबलजी लागतोच. शेजारचे अण्णा तेलुगू, त्यांचा आमच्याकडचा राबता जुना. ते सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "व्हायोलिन लावा की. त्याच्यावर होत नाही असं काय आहे?" बराच खल झाला. मग भाच्यानेच बोटांवरचं तूप चाटत सांगून टाकलं, "मला हलगी शिकायचीय."

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्या हसण्याच्या पाठोपाठ एक वाक्य आलं. "हलगी काय शिकायची असते का बे? ती वाजवणारे वेगळे असतात." कोण बोललं ते सांगून काही साधणार नाही. आमच्या घरात ते कोणीही बोललं असतं, आणि बहुतेक घरांत कोणीतरी बोललं असतं. विषय पुढे गेला, सुपारी कातरली गेली, मुलं पाळण्यात बसायला होम मैदानाकडे पळाली.

ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

दाजींचा प्रश्न खोटा नव्हता. कुठलं वाद्य सगळ्यांत जास्त ठिकाणी चालतं, यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद होत आले आहेत, आणि प्रत्येकाची बाजू ऐकताना ती पटत जाते. कॅसिओचंच घ्या. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी तो कॅसिओच. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार, तिसऱ्यावर चर्चमधला ऑर्गन, चौथ्यावर अख्खी ढोलकी-तबल्याची साथ. दाजींच्या कंपनीतल्या कार्यक्रमात एका पोराने एकट्याने पूर्ण ऑर्केस्ट्रा उभा केलेला त्यांनी पाहिला होता, आणि ते भारावून गेले होते. मलाही त्या पोराचं कौतुक वाटलं असतं. पण कॅसिओतली बासरी ऐकताना मला नेहमी एक गोष्ट खटकते: तिला श्वास घ्यावा लागत नाही. खऱ्या बासरीवाल्याची ओळ कुठे संपणार हे त्याचा दम ठरवतो, आणि त्या संपण्याच्या जागेवर आपणही नकळत श्वास घेतो. इथे बोट उचललं नाही तर सूर संध्याकाळपर्यंत चालू राहील. शंभर वाद्यांचे आवाज काढता येणं आणि शंभर ठिकाणी त्या त्या वाद्याची उणीव भरून काढता येणं, यात मला फार मोठं अंतर दिसतं.

पेटीबद्दल बोलताना मात्र मला तटस्थ राहता येत नाही. पूर्व भागातल्या आमच्या जुन्या घरामागे यंत्रमागाचा कारखाना होता. दिवसभर धोट्याची खटाखट. तिची इतकी सवय की वीज जाऊन माग थांबले की आम्ही दचकायचो. गुरुवारी रात्री गल्लीतलं भजनी मंडळ दत्ताच्या देवळात बसायचं आणि मागांच्या आवाजातून वाट काढत पेटीचा काळी चारचा सूर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. वाजवणारे काका स्वतः जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे होते. बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलेलं, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा काळसर झालेल्या. भाता उघडला की आत कोंडलेल्या लाकडाचा, जुन्या कागदाचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास यायचा. तीच पेटी पुढच्या गल्लीत कव्वालीला गेलेली मी पाहिली आहे. गणपतीत मेळ्याला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, लग्नात मंगलाष्टकांना. ती कुठेही नेऊन ठेवा, पाच मिनिटांत तिथलीच होऊन जायची.

ती मुळात इथली नव्हे. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेनने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी बनवली, आणि मांडी घालून बसणाऱ्या देशात ती घराघरांत शिरली. आपल्या नाटकांनी तर पायपेटीलाही डोक्यावर घेतलं. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन नसता तर ते गाणं कसं लागलं असतं, याची मला कल्पनाच करता येत नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने पेटी निव्वळ साथीपुरती ठेवली नाही. आणि तरीही या पेटीला आकाशवाणीचं दार १९४०पासून १९७१पर्यंत बंद होतं. कारणं संगीताची होती आणि ती खरीही होती. पेटीचे बारा सूर जिथे बसवले तिथेच बसतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. दरबारी रागातला झुलता गंधार दाखवायचा तर पेटीवाल्याने बोट काढून घ्यायचं आणि गाणाऱ्याला मोकळं सोडायचं. थोर पेटीवादक नेमकं तेच करतात. पण विचार करा, ज्या वर्षांत रेडिओवर पेटीला मज्जाव होता, त्याच वर्षांत देवळात, दर्ग्यात, गुरुद्वाऱ्यात, तमाशाच्या बोर्डावर आणि नाट्यगृहात तीच वाजत होती. तिची कुवत दोन्हीकडे सारखीच होती. फरक दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात होता.

अण्णांच्या व्हायोलिनला कुवतीच्या कसोटीवर कोणी हरवू शकणार नाही, हे मी त्याच रात्री मनात मान्य केलं होतं. त्याला पडदे नाहीत, त्यामुळे जगातला कुठलाही सूर, कुठल्याही दोन सुरांमधला सूर त्याच्यावर निघतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याची रांगच्या रांग बसते. आणि तेच वाद्य दोनशे वर्षांपूर्वी बालुस्वामी दीक्षितरांनी दक्षिणेत कर्नाटक संगीतात आणलं, तेव्हा माणसं खाली बसली, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं, तारा षड्ज-पंचमात लावल्या, आणि काही पिढ्यांत अशी वेळ आली की त्याच्या साथीशिवाय तिकडची मैफलच पुरी होईना. अण्णांच्या घरी सकाळी त्यागराजांच्या कृती लागतात. तमिळ मुलखात राहून तेलुगूत रचलेल्या त्या कृती इथे सोलापुरात चादरी विणणाऱ्यांच्या घरात घुमतात, त्यांच्या मागे व्हायोलिन असतं, आणि खिडकीतून ऐकणारी मी मराठी. अण्णांचं बरोबरच आहे. फक्त व्हायोलिन शिकणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षं स्वतःलाच ऐकवत नाही. पेटीवर लहान पोराने बोट ठेवलं तरी सूर स्वच्छ लागतो. एक वाद्य वस्तादाच्या हातात सगळं काही करू शकतं, दुसरं कोणाच्याही हातात काहीतरी करू शकतं. यांतलं अष्टपैलू कुठलं म्हणायचं? दोन्ही बाजूंनी भांडता येईल, आणि मी भांडले आहे.

तबल्यावर मी इथे थांबत नाही, ताई रागावली तरी. त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

पण एक आठवण मध्येच सांगते, कारण ती या वादाला आडवी जाते. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभर प्रसिद्ध आहेत, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांना लागणारे भोपळे आपल्या जिल्ह्यातले, पंढरपूरकडचे. पंढरपूरला जाताना एका शेताच्या बांधावर वाळत घातलेले असे भोपळे मी पाहिले होते. आधी वाटलं खायचे आहेत, म्हणून सहज विचारलं, तर शेतकरी म्हणाला, "हे गाण्याचे हायती." बोटाने टिचकी मारून त्याने मला आवाज ऐकवला. पोकळ, कोरडा, आणि तरी आत काहीतरी भरलेलं. त्यांतला एखादा भोपळा तानपुऱ्याला लागणार आणि जन्मभर तेच चार सूर देत राहणार. त्याला दुसरं काही जमत नाही. वारकऱ्यांच्या वीणेलाही जमत नाही. सप्ताहात ती सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि रात्री तीन वाजता देवळात सगळे पेंगत असताना एक म्हातारा खांबाला टेकून तेच दोन सूर छेडत उभा असतो. दोन सुरांच्या त्या वाद्यापुढे सगळे वाकतात. तेव्हा किती करता येतं यावर वाद्याचा मान ठरतो, हे गृहीतकही तितकं पक्कं नाही.

आता हलगी.

बकऱ्याचं कातडं एका कड्यावर ताणलेलं. पूर्वी कडं लाकडाचं असायचं, आता बहुतेक लोखंडाचं. डाव्या हाताने ते पेलायचं आणि त्याच हाताच्या बोटांत एक बारीक, लवचीक काडी. उजव्या हातात जाड, आखूड काडी. एवढाच सरंजाम. सूर लावायला खुंट्या नाहीत. थंडीत किंवा दमट हवेत कातडं सैल पडलं की रस्त्याच्या कडेला कागद, पाचट, मिळेल ते पेटवायचं आणि हलगी त्या जाळावर फिरवायची. गड्ड्याच्या दिवसांत सकाळी ते दृश्य गल्लोगल्ली दिसतं. धुराचा वास, गरम कातड्याचा वास, मधूनच एखादा टोला मारून कान लावणारा माणूस, पुन्हा जाळ, पुन्हा टोला. तो जे ऐकतो ते मला ऐकू येत नाही. मला दोन्ही टोले सारखेच वाटतात. त्याचं मात्र अजून समाधान झालेलं नसतं. आणि मग एका क्षणी तो आवाज येतो, जो छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. सात नंदीध्वज निघतात, एकेक उंच काठी एकेकट्या माणसाच्या कमरेवर तोललेली. हर्र बोला हर्रचा गजर होतो, आणि त्या काठ्यांच्या पुढे हलग्यांचा कडकडाट. भाच्याने तिथेच कुठेतरी, बापाच्या खांद्यावर बसून, ती पहिल्यांदा ऐकली असणार.

दाजींची अट इथे लावून बघा. कारहुणवीला बैलांची मिरवणूक, तिथे हलगी. देवीचा छबिना, तिथे हलगी. वरात, निवडणुकीचा गुलाल, लेझमाचा डाव. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर महिन्यातून किती वेळा हलगीनाद आंदोलन होतं ते पेपर वाचणाऱ्याला माहीत आहे. पाण्यासाठी, पगारासाठी, रस्त्यासाठी माणसं हलगी घेऊन येतात, कारण बंद काचेच्या आत जाईल असा दुसरा आवाज त्यांच्याकडे नसतो. कर थकवणाऱ्याच्या दारात वसुलीवालेही हलगीच वाजवतात. पूर्वी गावात दवंडी हिच्यावर. माझी आजी नव्वदीत गेली तेव्हा तिला वाजतगाजत न्यायचं ठरलं. पुढे भजन आणि त्याच्याही पुढे एकच हलगी. वेग अगदी संथ, दोन टोल्यांच्या मधली जागा इतकी मोठी की तिच्यात चपलांचा आवाज ऐकू यायचा. आत्याने नंतर सांगितलं, हा माणूस तुझ्या आईबापाच्या वरातीला पण होता. त्याच काड्या त्याने लग्नात कशा चालवल्या असतील हे मी त्याच्या मनगटाकडे बघत शोधत होते. रडू तेव्हा आलं नव्हतं. त्या मधल्या जागांनी आणलं.

आणि कुस्ती. अक्कलकोटकडच्या एका जत्रेत मी पहिल्यांदा आखाड्याच्या कडेला बसून कुस्ती बघितली, आणि खरं सांगायचं तर पैलवानांपेक्षा हलगीवाल्याकडेच जास्त बघितलं. सोबत घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं होती, पण सूत्रं त्याच्याकडे. जोड सलामी देत असते तेव्हा तो सावकाश, ऐटीत वाजवतो. पैलवान हात मिळवतात, एकमेकांची मनगटं चाचपतात, पाय रोवतात, आणि त्याची नजर त्यांच्या पायांवरून हलत नाही. एकाने पट काढायला खाली झेप घेतली की हलगी त्याच क्षणी दुप्पट होते. डाव फसला की पुन्हा खाली येते, पण पहिल्या जागी नाही, थोडी वर थांबते, कारण आता बघणाऱ्यांचाही श्वास वर चढलेला असतो. पैलवान दमून एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते उभे राहिले, तेव्हा त्याने उजवी काडी जवळजवळ थांबवली आणि डाव्या हातातली बारीक काडी नुसती थरथरत ठेवली. माती चिकटलेल्या त्या दोन पाठी आणि तो थरथरता आवाज. मग ढाक लागली, आणि अख्खं मैदान उठलं. आधी डाव लागला की आधी हलगी वाढली, हे मला आजही सांगता येणार नाही. मोठ्या तबलियाने गवय्याला केलेली साथ मी इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात ऐकली आहे. गाणाऱ्याच्या मनातली पुढची जागा ओळखणं ही तिथे सर्वांत मोठी दाद मानतात. ते ओळखणं मी त्या आखाड्यात पाहिलं, आणि तिथे त्याला दाद देणारं कोणी नव्हतं. बक्षिसं पुकारली गेली, पैलवानांना फेटे बांधले गेले. हलगीवाला कडेला उकिडवा बसून काड्या फडक्यात गुंडाळत होता.

हलगीचा सख्खा भाऊ म्हणजे डफ. तेही कड्यावर ताणलेलं कातडंच. बार्शीचे शाहीर अमर शेख गिरणीत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या हातातला डफ लाखोंनी ऐकला, आणि आजही शाहिराचा फोटो म्हटला की डफ आधी आठवतो. शाहिराच्या हातात ते वाद्य व्यासपीठावर जातं. तेच कातडं, तसंच कडं, हलगी म्हणून मिरवणुकीत आलं की मांडवाच्या बाहेर थांबतं. आणि शाहिरीलाही ही जागा फुकट मिळालेली नाही. पेशवाईत याच सोलापुरात, शास्त्री-पुराणिकांच्या घरात रामजोशी जन्मले. तमाशाच्या नादाला लागले म्हणून थोरल्या भावाशी बिनसलं आणि घर सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे त्यांनी लावण्यांचा फड गाजवला, मग कीर्तनंही केली, मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. पण त्या घरात ज्या दिवशी ते पहिल्यांदा डफ-तुणतुण्याच्या बाजूला जाऊन बसले, त्या दिवशी "ते वाजवणारे वेगळे असतात" हे वाक्य उच्चारलं गेलंच असेल, अशी माझी खात्री आहे.

हे सगळं मी कॉलेजात माझ्या एका सहकाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होते. आम्ही मधल्या सुट्टीत एकत्र डबा खातो. ते ऐकत होते, मग डब्याचं झाकण लावून म्हणाले, "मॅडम, आमच्या आजोबांची हलगी होती." मला वाटलं, आता काहीतरी सुंदर ऐकायला मिळणार. त्यांनी सांगितलं ते असं: आजोबांना पेरणीच्या दिवसांतही, रात्री-अपरात्रीही बोलावणं यायचं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. लग्न असो की मयत, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मांडवाबाहेर उभं राहायचं. बलुत्यात मिळेल ते धान्य, उरेल ती भाकरी. बाबासाहेबांनी ही गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं, वस्तीने एकत्र बसून ठरवलं, आणि आजोबांनी हलगीचं कातडं काढून टाकलं. कडं तेवढं घरात राहिलं. त्यावर आजी पाण्याची घागर ठेवायची. "तुम्ही म्हणता ती सगळीकडे चालते," ते म्हणाले. "चालायची, कारण आजोबांना सगळीकडे जावं लागायचं." थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली. "तुमचा भाचा हलगी शिकला तर कौतुक होईल, पेपरात फोटो येईल. माझा पोरगा शिकला तर लोक म्हणतील, याला येणारच की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कुस्तीच्या आखाड्यात मी जे ऐकलं ते खरं होतं, आणि घागरीखालचं ते कडंही खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. त्यांच्या आजोबांनी कातडं फाडलं तेव्हा त्यांच्याबरोबर कितीतरी चालीही गेल्या असतील. ते नुकसान मोजायचा अधिकार मात्र मला नाही, कारण त्या चालींची किंमत मी कधी दिली नव्हती. नंतर दोन-चार दिवस आम्ही इतर विषयांवर बोललो. मग एक दिवस त्यांनीच विचारलं, "पोरगं काय म्हणतंय? शिकतंय का?"

शिकायचं म्हटलं तर कोणाकडे, हाच प्रश्न. तबल्याचे क्लास नव्या पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत आहेत, परीक्षा आहेत, बोल लिहिलेल्या वह्या आहेत. हलगीचा क्लास मला कुठे सापडला नाही. शेवटी ओळखीतून एका हलगीवाल्यांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, दोन्ही तळव्यांना घट्टे. त्यांनी भाच्याला समोर बसवून टाळ्या वाजवायला लावल्या, तोंडाने चाल म्हणत. पोरगं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा धरलं, तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मी फीचं विचारलं, तर गोंधळले. "सुपारी सांगता येते. मिरवणुकीचं एवढं, कुस्तीचं एवढं. फी कशी सांगू?" त्यांच्या उभ्या आयुष्यात महिन्याच्या हिशेबाने शिकवायचे पैसे त्यांना कोणी देऊ केले नव्हते. स्वतःच्या पोरांना? पोरं बरोबर हिंडून शिकली, त्यांतला एक आता बेंजोच्या गाडीवर पॅड वाजवतो, त्यात पैसा बरा आहे. तो बेंजोही बघा. १९१२च्या सुमाराला जपानात नागोयाला बनलेल्या एका वाद्याचा वंशज. इथे त्याचं बुलबुलतरंग झालं, मग त्याला वीज जोडली, टेम्पोवर चढवलं, आणि गणपतीपासून वरातीपर्यंत सगळं त्याने व्यापलं. परक्या देशातून आलेल्या वाद्याला या गावाने शंभर वर्षांत गाडी दिली, जनरेटर दिला, बोर्डावर नाव दिलं.

दाजींनी मला मध्यंतरी फोनवर विचारलं, मग ठरलं का तुझं, कुठलं वाद्य सगळ्यांत सगळीकडे चालतं ते? मी त्यांना सरळ सांगितलं, हलगी. व्हायोलिन तिच्यापेक्षा जास्त बोलतं, पेटी जास्त लवकर आपलीशी होते. पण लग्न, मरण, देव, जनावर, आखाडा आणि सरकारी कचेरीचं फाटक, या सगळ्यांशी एकाच कातड्यावर, एकही सूर न बदलता, निव्वळ वेग आणि मधल्या जागा बदलून बोलणारं दुसरं वाद्य मला माहीत नाही. एकच ठिकाण राहिलंय, जिथे तिला अजून नीट बोलावलेलं मी पाहिलं नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात एका संध्याकाळी पडदा वर जावा, मधोमध खुर्ची असावी, माइक असावा, आणि एकटी हलगी. कुस्तीची अख्खी चाल, सलामीपासून चितपटीपर्यंत, समोर पैलवान नसताना. जाहिरातीवर वाजवणाऱ्याचं नाव गवयाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात, आणि मानधनही तेवढंच. तिकीट मी पहिल्या रांगेचं काढीन. सहकाऱ्यांना विचारलं, तुम्ही याल का? ते म्हणाले, "बघू. आधी मानधनाचं कळवा."